चाळिशीसाठी भिंग बदलताना: पुढे पस्तावू नये म्हणून

चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं आणि वाचताना पुस्तक लांब धरावं लागतं. ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया मोतीबिंदूसारखीच असते. साधारण २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत जातं. शस्त्रक्रिया व्यवस्थित होऊनही काही रुग्ण नाराज राहतात. त्याची मुळं बहुधा आधीच सापडतात: गरजेशी न जुळणारं भिंग, कोरड्या डोळ्यावर घेतलेली मापं, किंवा रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील हे कुणी न सांगणं.

म्हणून आधी घरी टेप घेऊन बसा. पुस्तक, मोबाइल आणि संगणक डोळ्यांपासून किती सेंटिमीटरवर असतात ते मोजा, रात्री किती गाडी चालवता तेही लिहा आणि हा कागद डॉक्टरांना दाखवा. ट्रायफोकल भिंग दूर, ६० ते ८० सेंटिमीटर आणि ४० सेंटिमीटरच्या आसपास दाखवतं; पण प्रकाश विभागला जात असल्याने अंधूक उजेडात चित्र फिकं वाटतं आणि वलयं जास्त दिसतात. ईडॉफ (स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढवणाऱ्या) भिंगात दूरचं आणि संगणकाचं चांगलं दिसतं, बारीक अक्षरांना मात्र अनेकदा चष्मा लागतो. रात्रीचं ड्रायव्हिंग हाच तुमचा व्यवसाय असेल, तर ट्रायफोकलचा आग्रह धरू नका.

तिसरी वाट मोनोव्हिजनची: एक डोळा दूरसाठी, दुसरा साधारण उणे १.२५ ते १.५ नंबरवर ठेवलेला. हे आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून आजमावता येतं. ही संधी सोडू नका.

ज्यांचा नंबर उणे २ ते ३ आहे आणि जे चष्मा काढून आरामात वाचतात, त्यांनी थांबून विचार करावा. त्यांचं जवळचं दिसणं आजही उत्तम असतं. ट्रायफोकलने ते तितकं लख्ख राहीलच असं नाही. खूप लांबट, मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यांत दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही जास्त असतो. अधिक (प्लस) नंबरवाले सहसा लवकर खूश होतात, कारण त्यांना चष्म्याशिवाय दूरचंही नीट दिसत नसतं.

मापं घेण्याआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स १ ते २ आठवडे, कडक लेन्स ३ ते ४ आठवडे बंद ठेवा. डोळे कोरडे असतील तर आधी उपचार, मग पुन्हा मापं. डोळ्याची लांबी १ मिलिमीटर चुकली तर नंबर जवळजवळ ३ डायऑप्टरने (हे नंबरचं एकक) चुकतो. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची टोपोग्राफी (आकाराचा नकाशा) आणि दृष्टिपटलाचं ओसीटी (थरांचा स्कॅन) हवंच. मॅक्युलाचा (दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा) आजार असलेल्या डोळ्यात ट्रायफोकल निराश करतं. पूर्वी लेसरने नंबर काढला असेल तर जुने कागद न्या, कारण तेव्हा भिंगाची पॉवर काढणं अवघड जातं.

नंतर थेंब वेळेवर घाला, डोळा चोळू नका, पाणी जाऊ देऊ नका. वाढतं दुखणं, लाली, अचानक धूसरपणा, विजेसारख्या चमका किंवा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मेंदू नव्या चित्राला सरावायला ३ ते ६ महिने लागू शकतात आणि वलयंही सहसा हळूहळू कमी जाणवू लागतात. एकच डोळा झालेला असताना निकाल ठरवू नका.

तरी समाधान नसेल, तर तपासणीचा क्रम असा: आधी उरलेला नंबर, मग कोरडेपणा, मग भिंगाची जागा. टोरिक भिंग (तिरपा, म्हणजे सिलिंडर नंबर घालवणारं) १ अंश फिरलं की सिलिंडरच्या दुरुस्तीचा सुमारे ३ टक्के परिणाम जातो. ०.७५ डायऑप्टर सिलिंडर उरला तरी ट्रायफोकल धूसर वाटू शकतं. त्यानंतर भिंग ज्यात बसवलेलं असतं त्या नैसर्गिक पिशवीचा भिंगामागे आलेला धूसरपणा आणि ओसीटी पाहावं. हा धूसरपणा याग लेसरने साफ होतो, पण तो करण्याआधी विचारा, ‘माझी तक्रार यामुळेच आहे, हे नक्की का?’ लेसरने पिशवीला छिद्र पडल्यावर भिंग बदलणं फार जोखमीचं होतं.