लाइट गेल्यावर पाणी कुठे जाईल? मोठ्या रीफ टाकीची पाइपजोडणी आणि पाण्याचे शुद्धीकरण

रीफ टाकी म्हणजे जिवंत प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी आणि तिच्याखाली कॅबिनेटमध्ये तीन फुटी सम्प (पाणी साठवणारी खालची टाकी), अशी मांडणी धरून पुढचे सगळे हिशेब दिले आहेत. खडक आणि वाळूची जागा वजा केली की दोन्हीत मिळून साधारण 520 लिटर खारे पाणी फिरते. स्टँडसकट वजन साडेआठशे किलोंच्या आसपास जाते. घरांचे स्लॅब सहसा चौरस मीटरला 200 किलो चल भार (माणसे, सामान यांचे वजन) धरून आखतात, त्यामुळे टाकी बीमवरच्या भिंतीला लागून ठेवावी आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्यावी. पाइप त्यानंतर कापायचे.

आधी कागदावर

रिटर्न पंप सम्पमधले पाणी वर चढवतो आणि ते ओव्हरफ्लो बॉक्समधून, म्हणजे टाकीच्या वरच्या काठाजवळच्या खोक्यातून, खाली उतरते. लाइट गेली की चढणे थांबते, उतरणे मात्र थांबत नाही. त्यातच रिटर्नचे नोझल (पाणी टाकीत सोडणारे तोंड) पाण्यात बुडालेले असते, म्हणून त्या पाइपातूनही सायफन लागून पाणी उलटे सम्पमध्ये येऊ लागते आणि नोझलच्या तोंडाला हवा लागेपर्यंत येतच राहते.

हे पाणी किती, ते मोजता येते. या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेआठ लिटर पाणी खाली आले. नोझल पृष्ठभागाखाली 2 सेंटिमीटर असेल तर 17 लिटर, ओव्हरफ्लो बॉक्सचे 7 आणि पाइपातले 2, असे एकूण 26 लिटर. तेच नोझल 10 सेंटिमीटर खाली असेल तर नुसत्या टाकीतूनच 85 लिटर उतरतील. आता सम्प: माप 90 बाय 45, उंची 40 सेंटिमीटर. चालू पातळी 22 वर ठेवली आणि वर दोन सेंटिमीटर काठ सोडला तर सुमारे 60 लिटरची मोकळी जागा मिळते. पहिल्या मांडणीत सगळे पाणी मावते, दुसरीत दिवाणखान्यात तळे साचते.

नोझलच्या पाइपाला पृष्ठभागाजवळ बारीक भोक पाडून सायफन तोडण्याची रीत आहे. भोक जरूर पाडावे, पण हिशेब त्याच्या भरवशावर करू नये. काही महिन्यांत शेवाळ नाहीतर कोरलाइन (चुन्यासारखे कडक शेवाळ) त्यावर चढते आणि ते बुजते. चेक व्हॉल्व्हचेही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) तेच: झडपेवर चुन्याचा थर बसतो, एखादी गोगलगाय अडकते, आणि नेमक्या वेळी ती पूर्ण मिटत नाही. नोझल उथळ ठेवणे हाच खरा उपाय.

उतरणीचे पाइप

उतरणीला दोन पाइप घ्यावेत, दोन्ही सव्वा इंची. एक पूर्ण सायफनवर (हवा न शिरता भरून वाहत) चालणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह (फेऱ्या देऊन हळूहळू मिटणारा). दुसरा मोकळा, त्याचे तोंड बॉक्समध्ये चालू पातळीच्या इंचभर वर आणि टाकीच्या काठाच्या बरेच खाली. त्यावर कोणताही व्हॉल्व्ह लावू नये. पहिला पाइप गोगलगायीने किंवा सुटलेल्या शेवाळाने तुंबला तर सगळे पाणी दुसऱ्यातून उतरले पाहिजे. त्याचा खळखळाट हीच धोक्याची घंटा.

सायफनच्या पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडवावे. जास्त बुडवले तर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि लाइट आल्यावर सायफन धरतच नाही.

रिटर्नला एक इंची पाइप. सम्पमधून तासाला 2500 ते 3000 लिटर फिरले की पुरते. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह टाकीतल्या वेव्हमेकरनेच (पाणी ढवळणाऱ्या पंपानेच) द्यायचा असतो. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढण आणि तीन-चार एल्बो धरले तर तासाला 6000 लिटरचा, वेग बदलता येणारा डीसी पंप घेऊन वेग कमी ठेवणे सोयीचे. नव्वद अंशाच्या एका एल्बोऐवजी पंचेचाळीसचे दोन वापरावेत, दाब कमी वाया जातो.

दुकानात काय घ्यावे, काय परत करावे

पाइप यूपीव्हीसीचा, शिसेविरहित, पिण्याच्या पाण्याचा. सॉल्व्हंट सिमेंटही यूपीव्हीसीचेच, सीपीव्हीसीचे नको. हार्डवेअरच्या दुकानात सर्वांत मोठी चूक होते ती पितळेची. आपल्याकडच्या बऱ्याच एमटीए-एफटीएमध्ये (बाहेरून किंवा आतून आटे असलेल्या जोडण्यांमध्ये) आट्यांच्या जागी पितळेची कडी बसवलेली असते. नळाच्या जोडणीला ती उत्तम, पण खाऱ्या पाण्यात पितळ झिजते आणि तांबे सुटते. माशांना जे चालून जाईल तेवढे तांबे कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांचा जीव घेते, शिवाय ते खडकात मुरून बसते. प्रत्येक फिटिंग आतून बघून घ्यावे. आटेसुद्धा पांढऱ्या प्लास्टिकचेच हवेत.

गेट व्हॉल्व्ह बाजारात बहुतेक गनमेटलचे मिळतात. प्लास्टिकचा मत्स्यालयवाल्यांकडून मागवावा लागतो, आणि तो मागवावाच. बॉल व्हॉल्व्हने सायफन जुळवायला गेलात तर केसभर फिरवल्यावर पातळी चार बोटे हलते. पंपाजवळ आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा सांधा) टाकावे, म्हणजे सफाईच्या वेळी करवत काढावी लागत नाही.

जोडताना आधी सगळे कोरडे बसवून पाहा, पेनने खुणा करा, मग एकेक सांधा चिकटवा. कापलेल्या कडेची बुरी कानसून काढा, सिमेंट दोन्ही बाजूंना लावा, पाव फेरा देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा. पाणी सोडण्याआधी पूर्ण 24 तास थांबा.

पाणी: स्वयंपाकघरातला आरओ का चालत नाही

घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे न गाळलेले पाणी परत मिसळणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) व्हॉल्व्ह असतो, किंवा खनिजांचे कार्ट्रिज असते. काहींमध्ये तर मुद्दाम तांबे घालतात. टाकीसाठी वेगळा आरओ-डीआय संच लागतो, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारा. त्याचा क्रम असा: 5 मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा), शेवटी मिश्र रेझिनचा डीआय. कार्बन मेम्ब्रेनच्या आधीच हवा, कारण नळातले क्लोरीन मेम्ब्रेन जाळते.

आधी नळाचा टीडीएस मोजा. चांगला मेम्ब्रेन 97 टक्क्यांपर्यंत क्षार अडवतो. म्हणजे 80 चे पाणी 2-3 वर येते आणि 400 चे बोअरचे पाणी 12 वर. उरलेले डीआयला ओढावे लागते, त्यामुळे बोअरच्या पाण्यावर रेझिन चार-पाच पट लवकर संपते. डीआयनंतर मीटरवर शून्य दिसले पाहिजे. एक-दोन दिसू लागले की रेझिन बदला; संपत आलेल्या रेझिनमधून सिलिकेट आधी निसटते आणि काचेवर तपकिरी थर धरू लागतो.

मेम्ब्रेनला सुमारे 60 पीएसआय दाब हवा. गच्चीवरच्या टाकीतून दर 10 मीटर उतरणीला जेमतेम 14 पीएसआय मिळतात, म्हणून वरच्या मजल्यांवर बूस्टर पंप लागतोच. घरगुती आरओचा 24 व्होल्टचा पंप, सोबत सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारा व्हॉल्व्ह) आणि कमी-जास्त दाबाचे दोन स्विच, एवढे पुरते. संच सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे पाण्याचा टीडीएस बराच चढलेला असतो. मेम्ब्रेननंतर टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा व्हॉल्व्ह बसवून ते पाणी डीआयला न देता सोडून द्यावे. पाच-पाच लिटरसाठी वारंवार चालू करण्यापेक्षा एकदम 50 लिटर भरून घ्यावे, ते यासाठीच.

75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन देणारा) मेम्ब्रेन तासाला सुमारे 12 लिटर देतो. टाकी पहिल्यांदा भरायला जवळजवळ दोन दिवस लागतील, आणि एकास तीन प्रमाणात (शुद्ध एक, वाया तीन) दीड हजार लिटर पाणी बाहेर जाईल. ते ड्रममध्ये धरून फरशी आणि फ्लशसाठी वापरावे. ही तयारी नसेल तर पाणीकपातीच्या दिवसांत टाकी भरायला काढू नये. पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाला गढूळ पाणी येते तेव्हा सेडिमेंट फिल्टर दर पंधरा दिवसांनी बघावा. उन्हाळ्यात टँकर आला की टीडीएस पुन्हा मोजावा.

रोजची भर आणि मिठाचे पाणी

बाष्पीभवनाने रोज 5 ते 8 लिटर पाणी उडते, पंखे लावले तर जास्त. मीठ मागेच राहते, म्हणून भर गोड्या पाण्याची, म्हणजे आरओ-डीआयच्या पाण्याचीच. ऑटो टॉप-अपला (आपोआप भर घालणाऱ्या पंपाला) ऑप्टिकल सेन्सर आणि त्याच्या वर राखणीला फ्लोट स्विच, असे दोन्ही हवेत. तरीही पंप अडकून चालू राहील असे धरूनच साठवण ठेवा: 20 लिटरचा जार. तो पूर्ण रिकामा झाला तरी 35 ची क्षारता (हजार भागांत 35 भाग मीठ) 33.7 वर येते, प्रवाळ तगतात. आणि लाइट गेल्यावर उतरणारे 26 लिटर अधिक हे 20 मिळून 46, सम्पच्या 60 मध्ये बसतात. जारमधल्या नळीचे टोक सम्पच्या पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर तिथेही सायफन लागतो.

दहा टक्के पाणीबदलासाठी 50 लिटर लागते. पाणी आधी, मीठ नंतर, लिटरला 36-38 ग्रॅम, आणि ड्रममध्ये छोटा पंप रात्रभर चालू. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियम पांढऱ्या साक्यासारखे तळाशी बसते. ड्रम नवा, अन्नासाठीचा घ्यावा. रसायनांचा जुना निळा ड्रम कितीही धुतला तरी नको. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे उपकरण) 35 च्या प्रमाण द्रावणाने जुळवावा.

मीठ घालण्याआधीची परीक्षा

फक्त या परीक्षेपुरती नळाच्या पाण्याने टाकी भरा. पंप सुरू केल्यावर सायफन मिनिटभर गुरगुरतो, हवा ओकतो आणि एकदम शांत होतो. तेव्हा गेट व्हॉल्व्ह पाव-पाव फेरा मिटत जा, दर खेपेला पाच मिनिटे थांबा. बॉक्समधली पातळी मोकळ्या पाइपाच्या तोंडाखाली बोटभर स्थिरावली की हात काढा. मग प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून 24 तास चालू ठेवा. ओला डाग लगेच दिसतो.

आता मेन स्विच बंद करा. पाणी उतरायचे थांबेपर्यंत थांबा आणि सम्पच्या काचेवर त्या पातळीला मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू करून चालू पातळीची दुसरी रेघ मारा. असे दहा वेळा करा. दहाही वेळा सायफन आपोआप धरला पाहिजे आणि पाणी वरच्या रेघेवरच थांबले पाहिजे. एकदाही चुकले तर नोझलची उंची आणि सायफनचे टोक तपासा. या सगळ्या तारा 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर), प्रत्येक तार सॉकेटखाली लोंबती ठेवून, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत जाणार नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर आधी वेव्हमेकर जोडा, रिटर्न पंप नंतर.