मेंढपाळाचे प्रेमचित्र पाहताना आधी मेंढ्या पाहाव्यात

प्रेमी युगुलाचे चित्र समोर आले की नजर साहजिकच त्या दोघांवर खिळते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांच्या ‘द हायरलिंग शेफर्ड’ या तैलचित्रापुरती ही सवय बाजूला ठेवावी आणि पहिली काही मिनिटे केवळ मेंढ्यांना द्यावीत. हंट यांनी हे चित्र १८५१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील सरे परगण्यात, यूएल गावाजवळ, प्रत्यक्ष निसर्गासमोर बसून रंगवायला घेतले. आज ते मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे.

तरुण मेंढपाळ तरुणीच्या खांद्यावरून झुकून तिला हातात धरलेला पतंग, म्हणजे रात्री उडणारा फुलपाखरासारखा कीटक, दाखवत असताना मागे कळप उभ्या पिकात शिरतो आहे आणि काही मेंढ्या चरून फुगल्या आहेत. आपल्याकडे पीक निघाल्यावर खतासाठी शेतात मेंढरे बसवतात. पण उभ्या पिकातली मेंढरे म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान आणि पोटफुगीने जनावराच्याही जिवाला धोका, हे धनगरवाड्यात कोणीही सांगेल. म्हणून या दोघांच्या प्रेमाची किंमत कोण मोजत आहे, हा प्रश्न मनाशी धरूनच पुढे जावे.

त्यानंतर हातांकडे वळावे. मेंढपाळाच्या हातातील पतंगाच्या पाठीवर मानवी कवटीसारखी खूण असते आणि लोकसमजुतीत तो मृत्यूचा अपशकुन मानला जाई. संकट खरोखर मागच्या शेतात घडत असताना हा माणूस संकटाच्या चिन्हाशी खेळतो आहे. तरुणीच्या मांडीवर कोकरू आहे आणि त्याच्यापुढे हिरवी, कच्ची सफरचंदे. मला हा तपशील साऱ्या चित्रात सर्वांत बोलका वाटतो, कारण येथे क्रूरता मुळीच नाही. कोकराला तिने मायेने जवळ घेतले आहे, पण त्याला काय बाधेल याकडे तिचे लक्ष नाही, आणि लक्ष नसलेली माया त्या मुक्या जिवाच्या उपयोगाची नाही.

शीर्षकही नीट वाचावे. ‘हायरलिंग’ म्हणजे मोलाने राबणारा. मराठी बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात, मेंढरे स्वतःची नसल्याने लांडगा दिसताच त्यांना सोडून पळणाऱ्या अशा माणसाला ‘मोलकरी’ म्हटले आहे. १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेत चित्र मांडताना हंट यांनी सोबत शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील, मेंढरे पिकात शिरल्याची हाक देणाऱ्या ओळी दिल्या होत्या. पुढे १८९७ मध्ये त्यांनी एका पत्रात, निरर्थक वादांत रमून आपल्या लोकांकडे पाठ फिरवणाऱ्या धर्मगुरूंवर ही टीका असल्याचे लिहिले. हा खुलासा मात्र शेवटी वाचावा. आधी वाचला तर समोरची दोन जिवंत माणसे नुसती रूपके होऊन बसतात.

सर्वांत अखेरीस तरुणीचा चेहरा पाहावा. ती त्याच्यावर भाळली आहे की त्याची पारख करते आहे, हे हंट यांनी ठरवून दिलेले नाही आणि आपणही घाईने ठरवू नये.