ट्रकच्या लाईनवर नवीन निघालाय? मग या चुका टाळा, पहिली तर टाळाच

मी कराड तालुक्यातला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, सगळी मिळून बावीस वर्षं गाडीवर गेली. आता सांगली-मिरजेकडनं लोड भरून बेंगलोर, चेन्नई, कधी दिल्ली करतो. अलीकडं नवीन पोरं भरपूर येताहेत आणि त्याचा मला आनंदच आहे, पण दर महिन्याला त्याच त्या चुका बघून जीव तुटतो म्हणून लिहायला बसलोय. पोरं हुशार आहेत, मोबाईलवर सगळं बघून येतात, फक्त दम नाही. सहा महिने क्लीनर म्हणून बसायला सांगितलं तर तोंड वाकडं करतात. ते सहा महिने ज्यानं काढले नाहीत त्याच्याकडं मी माझी गाडी देणार नाही, स्पष्ट सांगतो.

पहिली चूक, उतारावर न्यूट्रल

साताऱ्याकडनं पुण्याला जाताना कात्रजचा नवीन बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. बोगद्यातनं बाहेर आलं की समोर पुणं दिसतं, गाडी आपोआप पळते आणि पोरगं गिअर काढून न्यूट्रल मारतंय, काहीजण तर इंजिनच बंद करतात. का तर डिझेल वाचतंय. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका ट्रकनं वीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. त्याच्या आधी आणि नंतर तिथं किती जीव गेलेत ते पुण्यातल्या कुणालाही विचारा.

आता नीट ऐका. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद केलं की ती हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणजे नवीन हवा भरायची थांबली, टाकीत आहे तेवढ्यावरच ब्रेक. पॉवर स्टिअरिंगपण गेलं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी इंजिनचा अडसर राहत नाही, सगळं वजन ब्रेकवर येतं, चाकातला ड्रम तापून फुगतो आणि त्याला आतनं घासून चाक थांबवणाऱ्या लायनरपासनं लांब जातो, लायनर जळायला लागतो, मग पायाखाली पेडल आहे पण गाडी थांबत नाही. आणि ज्या डिझेलसाठी हे करताय ते वाचतही नाही. आताच्या बीएस सहाच्या, म्हणजे धुराचे नवे नियम पाळणाऱ्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना रेसवरचा पाय काढला की उतारावर इंजिन डिझेल घेणंच बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला पीतच राहतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेल जाळायचं.

हे मला कुणी पुस्तकातनं शिकवलं नाही. २००७ च्या हिवाळ्यात आम्ही साखर भरून चिपळूणला निघालो होतो, दहा टायरची गाडी, हातात लायसन येऊन तीनच महिने झालेले. हेळवाकच्या पुढं उस्तादांना, म्हणजे मला गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हरला, थंडी वाजून ताप चढला म्हणून ते मागं बर्थवर पडले आणि स्टिअरिंग माझ्याकडं आलं. झोपता झोपता एवढंच बोलले, "कुंभार्ली घाट उतरताना घाई करू नको, तिसऱ्यातच उतर." माथ्यावर मी तिसराच टाकला होता. पण मागं एसटी लागली, सारखा हॉर्न, आणि मला वाटलं माझ्यामुळं सगळे अडकलेत. मी चौथा टाकला. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला, परत दाबला, सारखा दाबत राहिलो. मग वास आला. रबर जळाल्यासारखा नव्हे, त्यापेक्षा उग्र, नाकात बसणारा, तो वास आजपण मी लगेच ओळखतो. हवेचा काटा आठवरनं खाली येत येत पाचाच्याही खाली गेला आणि बझर वाजायला लागला.

उस्ताद बझरनं नाही, वासानं उठले. ताप अंगात असतानाच मागनं खांद्यावर हात टाकला आणि ओरडले, "पंप करू नको! एकदाच दाब, दाबूनच धर!" गाडी थोडी दबली तसा त्यांनी स्वतः हात घालून गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं, आणि नशिबानं त्या वळणाला डोंगर आमच्या बाजूला होता. त्यांनी स्टिअरिंग डावीकडं ओढलं, चाकं गटारीत गेली आणि डोंगराला घासत घासत गाडी थांबली. आरसा गेला, फाळका वाकला, दोघंही शाबूत.

मी खाली उतरलो तर मागच्या चाकातनं धूर. कॅन घेऊन पाणी ओतायला धावलो तर उस्तादांनी मनगट धरलं. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की ड्रम तडकतो. तळहात चाकापासनं वीतभर लांब धरून ते म्हणाले, "इथं हात ठेवता येईपर्यंत हलायचं नाही." दोन तास बसलो. त्या दोन तासांत ते मला एक शब्दही रागानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासनं माझी पद्धत एकच. घाटाच्या माथ्यावर गाडी बाजूला घ्यायची, हवा पूर्ण भरू द्यायची, टायर ठोकून बघायचे, घोटभर चहा घ्यायचा आणि उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरायची. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग दाबणारा ब्रेक, असला तर वापरा, तो त्यासाठीच दिलाय. ब्रेक दाबायचा तर दाबून वेग कमी करा आणि सोडून द्या, पाय पेडलवर ठेवून बसू नका. मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, त्याला तुमच्या गाडीत किती टन आहे ते माहीत नाही.

बाकीच्या भराभर सांगतो

सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं. रिंग ओढायला दोन मिनिटं लागतात, पावसाळ्यात तर रोज.

धूर साफ करायला नव्या गाड्यांत युरियाचं पाणी लागतं, त्या युरियाची टाकी आणि डिझेलची टाकी वेगळी आहे. युरिया डिझेलमध्ये गेला तर इंजिन सुरूच करू नका, सरळ मेकॅनिकला फोन लावा. आणि युरियाच्या टाकीत पाणी ओतून काम भागत नाही, सेन्सर ओळखतोय.

मागच्या जोड टायरमध्ये दगड अडकलाय का ते प्रत्येक थांब्याला बघा. टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, टायर ठोकल्यावर टणक आवाज आला तर हवा आहे, भद आवाज आला तर नाही. डोळ्यानं आतला टायर कळत नाही.

ओव्हरलोडला हो म्हणू नका. २०१८ साली दहा टायरचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून चालणारं वजन, २५ टनांवरनं २८.५ टन झालंय, पण आपल्या आरसीवर काय लिहिलंय तेच खरं. पकडलं तर २० हजार दंड, वर जादा प्रत्येक टनाला २ हजार. मालक म्हणतो मी बघतो, पण वजनकाट्यावर उभं राहायला तुम्हीच असता.

ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाईन परवाना, स्वतः वाचा. २०० किलोमीटरला १ दिवस मिळतो, सांगलीहून बेंगलोर सहाशेच्या वर आहे म्हणजे ४ दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधी ८ तास किंवा संपल्यावर ८ तासांच्या आतच वाढवता येते, तेव्हा लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करा, रात्र असली तरी करा.

ताडपत्रीबद्दल थोडं सविस्तर सांगायला पाहिजे कारण इथं पगारातनं पैसे कापले जातात. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा दोन्ही पाण्याचे शत्रू. एकदा हळदीची पोती भरून निघालो, ताडपत्री हमालांनी टाकली, मी वरवर बघितलं. केबिनकडच्या कोपऱ्यात एक रुपयाएवढं भोक होतं. चित्रदुर्गच्या आसपास पाऊस लागला आणि उतरवताना नऊ पोती खालपर्यंत भिजलेली, पोत्यातनं पिवळं पाणी गळत होतं. पार्टीनं पोचपावतीवर नऊ ओली असं लिहिलं आणि माझा तो महिना गेला. आता मी भर उन्हात ताडपत्रीच्या खाली उभा राहून वर बघतो, भोक असलं की उजेड येतोच. दोरी बांधली की चाळीसएक किलोमीटरवर थांबून परत आवळतो, कारण माल बसतो आणि दोरी सैल पडते. पोती चढताना स्वतः मोजतो, बिल्टीवरच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवरच्या, आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

झोपेचं. २०२५ पर्यंत चाललेल्या १९६१ च्या कायद्यात मोटार कामगाराला दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनी अर्धा तास विश्रांती लिहिली होती, पण द्राक्षं भरली की असलं कोण बघतंय. मान्य, भाडं वेळेवरचं आहे. तरी मी रात्री दोन ते पाच गाडी उभी करतो, पंपावर नाहीतर उजेड असलेल्या ढाब्यावर. गुटखा, गोळ्या, मोठ्यानं गाणी, सगळं करून बघितलेली माणसं मला माहीत आहेत, त्यातली काही आता नाहीत. डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो हे ज्यानं अनुभवलंय त्याला सांगायला नको.

शेवटची, दगड

गाडी बंद पडली की चाकाला दगड लावतात, ते बरोबर आहे. पण काम झालं की दगड तिथंच टाकून निघून जातात, याच्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. आमच्या शेजारच्या गावचा एक पोरगा रात्री कारखान्यातनं सुटून मोटरसायकलवर घरी येत होता, कुणीतरी असाच दगड रस्त्यात सोडलेला. सकाळी आम्ही तिथं गेलो तेव्हा दगडाच्या एका बाजूला ग्रीसचा काळा डाग होता, म्हणजे ट्रकवाल्याचाच. त्या पोराच्या आईनं माझ्या गाडीकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही.

बंद गाडीमागं रिफ्लेक्टर लांब, निदान पन्नास पावलांवर ठेवा, चारी इंडिकेटर लावा, हायवेवर असाल तर मदतीच्या १०३३ नंबरला फोन करा. आणि दगड वापरूच नका. मी मिरजेच्या सुताराकडनं बाभळीचे दोन गुटके करून घेतलेत, तिरके कापलेले, दोन्हीला भोक पाडून एकच दोरी ओवलीय आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या हुकाला बांधतो. विसरून निघालो तरी गुटके गाडीमागनं खडखडत येतात.