सात एमएम रेमिंग्टन की थ्री हंड्रेड विंचेस्टर?

अमेरिकेत कोलोरॅडो-वायोमिंगकडे एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी मॅग्नम (जास्त ताकदीच्या काडतुसाची) रायफल घेताना बहुतेकांचं घोडं या दोन काडतुसांपाशीच अडतं. पहिलं १९६२चं, दुसरं १९६३चं. दोन्हींच्या बुडाला पितळी पट्टा, बुडाचा व्यासही जवळपास सारखाच. सातच्या गोळीचा व्यास ०.२८४ इंच, थ्री हंड्रेडचा ०.३०८. सातमध्ये साधारण १६० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चालते, थ्री हंड्रेडमध्ये १८० ते २००ची. लांबवर दोघींच्या मार्गात फारसा फरक पडत नाही. खरा फरक खांद्याला कळतो: थ्री हंड्रेडचा धक्का स्पष्टपणे जास्त. धक्क्याच्या धास्तीने चाप दाबताना डोळे मिटत असतील, तर बिनधास्त सात घ्या. एल्कला वजनदार गोळीपेक्षा नेमकी बसलेली गोळी हवी. जखमी जनावर दरीत उतरून तडफडणं फार वाईट.

निवडण्याआधी पालथं झोपून नव्हे, तर डोंगरात बसता तसं बसून, गुडघ्यावर टेकून दोन्ही चालवून बघा. ज्या अंतरावर दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात बसतात, तीच तुमची मर्यादा. आणि हो, दोन्ही रायफली घरात असतील तर काडतुसं एका खिशात ठेवू नका. प्रत्येकाच्या बुडावरचा शिक्का वाचूनच भरा.