नर्स प्रॅक्टिशनर होण्याआधीचं एक वर्ष

क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे अतिगंभीर पेशंट सांभाळायचं पुढचं शिक्षण घेतलेली नर्स. त्याच्या २ वर्षांच्या कोर्सला बी.एस्सी. नर्सिंग, नर्स म्हणून नोंदणी आणि किमान १ वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो. पोरींनो, ते वर्ष सोप्या वॉर्डात घालवू नका; आयसीयू नाहीतर कॅज्युअल्टी मागून घ्या.

मी धुळ्यात रात्रपाळ्या केल्या. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून सर्पदंशाचे पेशंट यायचे. विषामुळे रक्त गोठायचं थांबलंय का, हे बघायला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत पेशंटचं २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसलं, वाहिलं, की लगेच डॉक्टरांना हाक! हे नुसतं वाचून हातात बसत नाही.

ड्युटी संपली की वहीत लिहा: काय पाहिलं, स्वतः काय केलं. पेशंटचं नाव नको. आणि अनुभवाचा दाखला नोकरी सोडायच्या आधीच सही-शिक्क्यासह घ्या; माझा चार महिने अडकला होता.