पॉलिहाऊसमधल्या ढोबळी मिरचीवर फवारण्या करूनही कीड जात नाही? या चुका टाळा

मार्च लागला की फोन सुरू होतात, दादा दोन फवारण्या झाल्या, महागातलं औषध मारलं तरी शेंडे वाकडेच येतायत, आता काय मारू. मी आधी एवढंच विचारतो की पान कुठल्या बाजूला वळलंय? बहुतेकांनी ते बघितलेलंच नसतं. ढोबळीचं पान वर वळून वाटीसारखं झालं तर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे. कडा खाली वळून पान उपड्या वाटीसारखं झालं, देठ लांबले तर कोळी. गावाकडे दोन्हीला चुरडामुरडाच म्हणतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

कारण कोळी हा कीटकच नाही, त्याला आठ पाय असतात. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारून तो मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी अजून फोफावतो. पहिल्या वर्षी माझं हेच झालं. दुकानातून थ्रिप्सचं औषध दिलं, मी तीनदा मारलं, आणि तोपर्यंत कडेच्या चार बेडचे शेंडे गेले होते. लाल कोळी असेल तर पानाखाली बारीक जाळी तरी दिसते, पण शेंड्यातला पिवळा कोळी डोळ्यांना दिसतच नाही, त्यासाठी 10 पटीचं भिंग खिशात ठेवाच. थ्रिप्स बघायचे तर पांढऱ्या कागदावर फूल झटका, बारीक पिवळसर रेघांसारखे पळताना दिसतात.

दुसरी चूक चिकट सापळ्यांची. निळे थ्रिप्ससाठी, पिवळे पांढरी माशी आणि नागअळीसाठी, हे माहीत असतं, पण लावून टाकले की परत कोणी बघत नाही. सापळ्याने कीड संपत नाही हो, तो सांगतो की कीड आली आणि कुठल्या बाजूने आली, म्हणून दर दोन दिवसांनी मोजा. आणि सापळा रिकामा म्हणून निर्धास्त राहू नका, कोळ्याला पंख नसतात, तो सापळ्यावर येणारच नाही.

आता बाटल्या बदलण्याबद्दल, ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते कारण यात लोकांचा पैसा जातो. बरेच जण म्हणतात मी दर वेळी वेगळं औषध मारतो, आणि बाटल्या बघितल्या तर एकीत इमिडाक्लोप्रिड, दुसरीत थायोमिथोक्झाम, तिसरीत असिटामिप्रिड. नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण तिन्ही निओनिकोटिनॉइडच, म्हणजे किडीवर मारा एकाच जागी होतो, मग ती दाद देईनाशी होते. बाटलीवरचं टेक्निकल, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं नाव वाचा, गट बदला. स्पिनोसॅड वेगळ्या गटातलं आहे, पण ते चाललं म्हणून तेच सारखं मारत बसू नका.

एका फवारणीत थ्रिप्स संपत नाहीत कारण अंडी पानाच्या आत असतात आणि कोष बहुतेक मातीत, फवारा मिळतो तो फक्त वर फिरणाऱ्यांना. मग आठवड्याने परत दिसले की लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं! म्हणून 5-7 दिवसांनी दुसरी फवारणी ठरवूनच ठेवा. नोझल खालून वर धरा, पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली चिकटलेली असतात. फवारणी संध्याकाळी करा, दुपारी आत भट्टी असते, त्यात गंधक मारलं तर पानं करपतात. व्हर्टिसिलियम, म्हणजे कीड मारणारी मित्रबुरशी, ते पण संध्याकाळीच, त्याला ओलावा लागतो, आणि त्यात बुरशीनाशक मिसळू नका, ती स्वतःच बुरशी आहे, टाकीतच मरेल.

40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) जाळी आहे म्हणून आत काही येत नाही असं धरू नका, थ्रिप्स त्यातून येतात. एकदम बारीक जाळी लावली तर हवा अडते आणि आत तापमान वाढतं, त्यामुळे मी जाळी तशीच ठेवून दोन दारांची खोली केली, आधीचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, आणि बाहेर चारी बाजूंचं तण काढलं. गाजरगवत, धोत्रा ठेवायचाच नाही, कीड तिथेच राहते. कोळी लागलेल्या बेडवर मजूर सगळ्यात शेवटी पाठवा, कपड्यांना चिकटून तो पुढच्या बेडवर जातो.

आणि हात जोडून सांगतो, बंद पॉलिहाऊसमध्ये मास्क नसताना कुणाला फवारायला लावू नका, फवारल्यावर पडदे उघडून वारं फिरू द्या, आणि लेबलवर तोडणीला जेवढे दिवस थांबा लिहिलंय तेवढे थांबाच, भाव कितीही चढलेला असला तरी.