डीएमएला चारचा पाढा लागतो, स्टॅक दोनावर थांबतो

नव्या बोर्डाच्या लिनक्स इथरनेट ड्रायव्हरवर काम चाललं होतं, लॅपटॉपवर वायरशार्क (तारेवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो होतो. बोर्डाकडून एआरपी (मॅक पत्ता विचारणारं, सगळ्यांना जाणारं ब्रॉडकास्ट) येत होतं, पण डेस्टिनेशन मॅकमध्ये सहा एफएफ दिसायला हवेत तिथे आधी दोन शून्यं आणि मग चारच एफएफ. उरलेले दोन सोर्स मॅकच्या जागेत घुसलेले. एररचे काउंटर मात्र स्वच्छ, कारण एफसीएस (फ्रेमच्या शेवटचा चेकसम) हार्डवेअर लावतं, आणि जे बाहेर पडलं त्याच्यावरच लावतं. बोर्डावरचा टीसीपीडम्प तर सगळं ठीक म्हणत होता! तो ड्रायव्हरच्या आधीच पॅकेट बघतो. असल्या भानगडीत समोरच्या टोकाला बघा.

झालं होतं असं: आमच्या डीएमएला (मेमरीतून डेटा स्वतः उचलणारा चिपचा भाग) चारच्या पटीतला पत्ता हवा होता, नसला की तो खालचे दोन बिट गुपचूप गाळायचा. आणि लिनक्सकडून येणारी फ्रेम बहुधा दोन बाइट पुढेच सुरू होते. इथरनेट हेडर 14 बाइटांचा, म्हणून 14 आणि 2 मिळून 16, म्हणजे आयपी हेडर नीट सीमेवर बसतो. रिसीव्हला बफर आपला असतो. ट्रान्समिटला स्टॅक (लिनक्सचा नेटवर्कचा भाग) देईल तो घ्यायचा.

मी आधी आगाऊपणा केला: डेटा जागच्या जागी मेममूव्हने दोन बाइट मागे ओढला. पिंग चाललं. ब्रिजमध्ये (लिनक्समधला सॉफ्टवेअर स्विच) दोन पोर्ट घातल्यावर ब्रॉडकास्ट बिघडले, कारण तिथे एसकेबी (लिनक्सची पॅकेटची नोंद) क्लोन होतो, डेटा एकच राहतो. एका पोर्टाने ओढला की दुसऱ्याचा विचका. स्टॅकच्या डेटाला हात लावू नका.

त्याऐवजी इंटरफेस उघडतानाच प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे (डीएमएला पत्ता आणि लांबी सांगणारी नोंद) 1536 बाइटांचा, चारच्या पटीत अलाइन केलेला बाउन्स बफर (कॉपीसाठीची मधली जागा) राखून ठेवा. स्टार्ट-एक्समिटमध्ये (फ्रेम पाठवणारं ड्रायव्हरचं फंक्शन) आधी लहान फ्रेम 60 बाइटांपर्यंत पॅड करा. पॅडिंग फसलं तर पुट-पॅडटू (पॅड करणारं फंक्शन) एसकेबी स्वतःच सोडून देतं. तुम्ही पुन्हा सोडला तर पॅनिक ठरलेला. मग पत्त्याचे खालचे दोन बिट तपासा. शून्य नसतील तर मेमकॉपीने बाउन्समध्ये उतरवा आणि त्यानंतरच डीएमए मॅप करा, म्हणजे बफर चिपच्या हवाली करा. उलटं केलंत तर कॅश आधीच मेमरीत उतरलेली असते, नंतर कॉपी केलेले बाइट तिच्यातच अडकतात आणि चिप जुनाच माल पाठवते. मॅपिंगची एरर तपासा. डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता आणि लांबी भरा, डीएमए राइट बॅरिअर (लिहिण्याचा क्रम पाळायला लावणारी सूचना) टाका, ओनरशिप बिट (डिस्क्रिप्टर आता चिपचा, असं सांगणारा) अगदी शेवटी. स्कॅटर-गॅदर (एकच फ्रेम अनेक तुकड्यांत घेण्याची सोय) सुरुवातीला जाहीरच करू नका, नाहीतर प्रत्येक तुकड्याला हीच तपासणी आली.

कॉपी महाग पडेल? 100 मेगाबिटला सेकंदाला जेमतेम 12.5 मेगाबाइट, चिंता नको. गिगाबिटला मात्र रेनेसासच्या रॅव्ब ड्रायव्हरची युक्ती बघा: सुरुवातीचे एक ते तीन बाइटच छोट्या अलाइन बफरमध्ये, बाकीची फ्रेम दुसऱ्या डिस्क्रिप्टरने जागेवरूनच. पत्ता आधीच चारच्या पटीत असेल तर पहिला डिस्क्रिप्टर शून्य लांबीचा होतो, आणि त्यावर डीएमए थांबतो असं आढळल्याने तिथे सरळ चार बाइट कॉपी करतात.